मनाई हुकूम

त्या बाईच्या चष्म्याची सैल झालेली दांडी त्याने एकदाच, पैसे न घेता, नीट करून दिली होती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुकानासमोर येऊन उभी राहायला लागली. त्याने फोन नंबर बदलला, तर आठवड्याच्या आत नव्या नंबरवर तिचा मेसेज आला, "दाढी का वाढवलीस?" ठरलेलं लग्न तिच्या एका पत्राने मोडलं. तक्रार द्यायला गेला, तेव्हा पोलीस ठाण्यातले साहेब गालातल्या गालात हसले.

"नशीब काढलंत राव. आमच्या मागे कोणी लागत नाही."

जीव अगदी मेटाकुटीला आला, तेव्हा चष्म्याचं चालतं दुकान बंद करून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. नवा पत्ता फक्त थोरल्या बहिणीला ठाऊक होता.

दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर एका दुपारी ताई हुकमाची प्रत घेऊन आली.

"सुटलास बाबा एकदाचा," ती डोळे पुसत म्हणाली.

त्याने कागद दोनदा वाचला. त्या बाईने त्याच्या घरापासून दोनशे मीटरच्या आत पाऊल ठेवू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली नव्या घराचा पत्ता होता, मजला आणि दाराच्या नंबरासकट.

"ताई, याची प्रत आणखी कुणाला गेली?"


"तिलाच की. कुठे जायचं नाही, ते तिला कळायला नको का?"