शेवटची चौकट

"बाई, मिळेल ना मला प्रवेश?" हेमांगीने विचारलं. परदेशी विद्यापीठाचा शिफारशीचा फॉर्म गणिताच्या बाईंसमोर होता.

'तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत हिचं स्थान कोणतं?' या प्रश्नाखाली चार चौकटी होत्या. शेवटची 'सर्वोत्तम'.

याच विद्यापीठाला बाईंनी आजवर नऊ फॉर्म पाठवले होते. एका खुणेने पोरांचं भलं होत असेल तर आपलं काय जातं, म्हणून नऊही वेळा 'सर्वोत्तम'वरच खूण केली होती.

हेमांगीने मात्र परवा फळ्यावर एक गणित असं सोडवलं, की तीस वर्षं शिकवणाऱ्या बाई नुसत्या बघत राहिल्या होत्या.

बाईंनी पुन्हा तिथेच खूण केली. मग फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"काय शोधताय, बाई?"

"आणखी एक चौकट."