पाइपावरची टोपी

"टोपी पक्की बसव, नागनाथ. कुणाला बी हातानं निघाली न्हाई पायजे," बन्सीधर अंगणातून म्हणाला.

घराच्या छतावर, माळवदावर बसलेल्या नागनाथनं मान हलवली. सरकारी योजनेतल्या बिनधुराच्या चुली त्यानं ताडकळसच्या आसपास वीस-पंचवीस घरांत बसवल्या होत्या, पण एवढा खोदून विचारणारा मालक त्याला भेटला नव्हता. पाइप माळवदाच्या किती वर ठेवायचा? छताच्या लाकडी सऱ्यापासून किती लांब? आणि पाइप वरून बुजला, तर खाली झोपलेल्याला जाग येती का?

"न्हाई येत," नागनाथ शिडीवरून उतरत म्हणाला. "दार लावलेलं असलं तर माणूस झोपीतच जातंय."

बन्सीधर खोकला. मग म्हणाला, "मनकर्णा तशीच गेली."

नागनाथला ते ठाऊक होतं. गेल्या पुसाच्या थंडीत बन्सीधरची बायको ह्याच सैपाकघरात धुरानं गुदमरली होती. वैशाखात त्यानं तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावलं. ही कस्तुरा आजारी बहिणीची उठबस करायला म्हणून आधीपासून ह्याच घरात होती. गावात लोक काहीबाही बोलत होते.

"आन् हे बघ," बन्सीधरनं आवाज उतरवला, "टोपी कशी काढायची, ते तिला दाखवू नको."

नागनाथनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा सैपाकघराकडं. तो "बरं" म्हणाला, पुन्हा वर चढला, बसवलेले स्क्रू काढून खिशात टाकले आणि टोपीला नुसती तार गुंडाळली.

दुपारी बन्सीधर शेताकडं गेला. कस्तुरा चुलीला मातीचा हात देत होती. असेल विशीची. नागनाथ उंबऱ्याशी टेकला.

"बाई, एक सांगतो. मालकापाशी बोलू नका."

तिनं मान वर केली.

"धूर उलटा यायला लागला, तर आधी दार उघडून भाईर पडायचं. मग वर जायचं. टोपी तारेवर हाय, पिळा सोडला की निघती. आत कुणी काही कोंबलं असलं, तर हात घालून काढता येतंय."

"कोण कोंबंल?"

"ते मी कसं सांगू? पर थंडीत हितं झोपू नका."

"मी न्हाई झोपत," ती शांतपणे म्हणाली. "मालक झोपत्यात. दम्यामुळं त्यांना गार सोसत न्हाई."

नागनाथनं पिशवी उचलली आणि तो निघाला. दारातून वळून बघितलं, तर कस्तुरा मातीच्या हातानं पाइपाभोवती वीत धरून उभी होती.

"अक्काच्या धुराड्याला अख्खं पोतं लागलं हुतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "ह्याला निम्मं पुरंल."