आत्याचा मान

समुपदेशिकेच्या खोलीत वत्सलाबाई पदर सावरून, ओठ मिटून बसल्या होत्या. समोर आईवडिलांसह त्यांची तरुण भाची होती. जन्मतः मुलगा मानल्या गेलेल्या तिने आपण मुलगी असल्याचे सांगून ऋजुता हे नाव घेतले होते. आईवडिलांनी ते हळूहळू मनापासून स्वीकारले. आत्याच्या मुखी मात्र ते नाव अद्याप आले नव्हते.

"आत्या, तू मला नुसतं 'ए' म्हणतेस," ऋजुता म्हणाली. "मी तुला नकोशी झाले का गं?"

वत्सलाबाई उसळल्या. "नकोशी? अगं, नाव ठरवलंस, दूधवाल्यालासुद्धा सांगितलंस! आत्याला विचारलंस? बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तोच मिळाला नाही, तर मी हाक कुठल्या तोंडानं मारू?"

मग ऋजुताचे वडील हसू आवरत म्हणाले, "ताई, मान अजून तुझाच आहे."

ऋजुताने आत्यापुढे गुडघे टेकून मस्तक लवविले. वत्सलाबाईंनी तिच्या कानाशी ओठ नेले, "कुर्र" म्हणून नाव सांगितले आणि विधीस अनुसरून आपली पाठ पुढे केली. आईवडिलांनी तीवर यथासांग धपाटे घातले. समुपदेशिकेनेही चष्मा काढून ठेवला आणि आपला एक धपाटा त्यात मिळविला.

"पुरे रे, म्हातारी हाडं आहेत ही!" वत्सलाबाई डोळे पुसत हसल्या. "रविवारी बारशाच्या घुगऱ्या शिजवते. ऋजुता, वेळेवर ये हो."