कमानीखालची प्रार्थना

ओहायोतल्या न्यायालयाच्या दारातून आत शिरताना शर्वरी टिपणीस मनात एकोणतीसचा पाढा म्हणत होती. दारावरची कमान मनातली प्रार्थनाही ओळखायची, आणि ती सरकारमान्य नसेल तर माणसाला धरून नेत. भीतीने पाढा अडखळला, नकळत रामरक्षा सुरू झाली. कमान लाल झाली.

पहारेकऱ्याने तिचा दंड धरला. मागे शेजारच्या ॲडलर आजी होत्या. त्या ज्यू, मन कोरं ठेवून आजवर इथून सुखरूप जात आल्या होत्या.

"आजी, माझ्याकडे बघू नका. तुम्ही जा," शर्वरी पुटपुटली.

आजींनी कमानीखाली येऊन डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, आणि कमान पुन्हा लाल झाली.

"हे काय केलंत?"

"मलाही भीती वाटतेय गं," तिचा हात घट्ट धरत आजी म्हणाल्या. "पण तुला एकटीला कशी नेऊ देऊ?"