घरची बोली

आयनो फिनलंडहून वर्षभर शिकायला आली आणि थायलंडच्या इसान भागातल्या उबोनला आमच्या घरी राहिली. माझ्या आईच्या गाड्यावर कोंबडी भाजता भाजता ती थाई बोलायला शिकली. पालकसभेत बाईंनी तिला कौतुकानं विचारलं, "घरची आठवण येते का गं?" "बो," ती हसून म्हणाली. बाईंचा चेहरा आंबट झाला. "थाईत 'नाही'ला 'माइ' म्हणतात. ही गावंढळ इसान बोली कुणी शिकवली?" "आईनं," आयनोनं माझ्या आईकडे बोट दाखवलं. मागच्या बाकावरून माझी आई उठली आणि हात जोडून म्हणाली, "माझंच चुकलं, बाई. मी अडाणी." वर्गात हशा पिकला. माझं डोकं सणकलं. दहा वर्षं शाळेत मी घरची बोली लपवली होती. आता ताडकन उठले आणि त्याच बोलीत कडाडले, "हसता काय? बाई, आईची माफी मागा!" बाईंना त्यातला शब्दन्‌शब्द कळला. त्यांचं माहेर आमच्या शेजारच्याच गावात होतं.