मोगऱ्याचे गजरे

"शी! आधी सगळी दारं उघड!" आमचे हे नाक दाबून ओरडले. मी गाडीतलं कार्पेट उचललं होतं. खाली चिकट गाळाचा थर आणि त्यात माशाचा अख्खा सांगाडा! म्हणजे आम्ही हौसेने घेतलेली ही जुनी गाडी पुरात बुडालेली होती, आणि आठवडाभर आम्ही तो कुजका वास एसीचा समजत होतो.

"नीच माणूस तो करंबेळकर! म्हणे, जुनी असली तरी लेकीसारखी सांभाळलीय," हे पचकन थुंकले. आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा त्याने आरशाला मोगऱ्याचे गजरे लटकवले होते. किती भाविक माणूस, असं मीच म्हणाले होते.

दोन दिवस मी फिनेल ओतून घासत बसले. बोटांची सालं निघाली, पण वास काही हटेना. रविवारी सकाळी पुन्हा ब्रश घेऊन वाकले होते, तर हे बाजारातून आले ते मोगऱ्याचे गजरे घेऊन. या माणसाने लग्नापासून सणालासुद्धा कधी फूल आणलं नव्हतं. माझे हात बघून पाझर फुटला असेल, म्हटलं. मी पदराला हात पुसले आणि पाठ फिरवून अंबाडा त्यांच्यापुढे केला.

"तुला नाहीत गं," हे गाडीत शिरत म्हणाले. "अकराला गिऱ्हाईक येतंय. जरा बरी साडी नेस, चहा टाक, आणि त्यांनी विचारलंच तर सांग, लेकीसारखी सांभाळलीय."