किह्नूच्या मच्छीमाराचा भाव

एल्मारच्या कर्जातल्या एका युरोला बाजारात आठ सेंट मिळत होते.

हेल्यूने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाव कुठेच नव्हतं. अनोळखी लोकांचे पैसे गरजूंना कर्जाऊ देणारं ते संकेतस्थळ कर्जदाराचं नाव कधी देत नसे. नुसतं लिहिलं होतं: पुरुष, एकसष्ट वर्षं, मच्छीमार, किह्नू बेट, बोटीच्या इंजिनासाठी. पण किह्नूवर कर्ज काढून इंजिन घेणारा एकच होता. हिवाळ्यात बर्फाने त्याची बोट चिरडली आणि हप्ते थांबले. ज्या अनोळखी लोकांनी थोडे थोडे पैसे दिले होते, ते आता कर्जातला आपापला तुकडा त्याच संकेतस्थळावर मिळेल त्या भावाला फुंकून टाकत होते.

हेल्यू बेटावरचं दुकान चालवायची. चार पैसे शिल्लक पडले की तिथेच कर्जाऊ लावायची. बुडीत कर्जाला मात्र तिने आजवर हात लावला नव्हता. एल्मार दुकानात येईनासा झाला होता. उधारीवर साधा पाव घेईना. तिने घरी पाठवला, तर फडक्यात गुंडाळलेला तसाच पायरीवर परत आला.

तिने त्याचे तुकडे घ्यायला सुरुवात केली.

तालिनहून तिच्या मुलाने, राउनोने, फोनवर परोपरीने समजावलं. वसुली झालीच तर आधी कोर्टाचा बेलीफ आपलं काढून घेतो, मग संकेतस्थळाची कंपनी, उरलं तर तुला. विकणाऱ्याला काय ठाऊक आहे ते घेणाऱ्याला कळत नाही. उद्या कंपनीच बुडाली तर कुणाच्या दारात जाणार आहेस? हेल्यूने सगळं ऐकून घेतलं.

"किह्नूचा माणूस आठ सेंटांना जाणार नाही," ती म्हणाली. "मी बसलेय अजून."

मग भाव चढू लागला. ती वीस लावायची, तोवर कुणीतरी पंचवीसला तुकडा उचललेला असायचा. तालिनच्या कुणा लबाडाला काहीतरी वास लागलाय, अशी तिची खात्री झाली. ती इरेला पेटली. छपरासाठी ठेवलेले पैसेही तिने त्यात घातले.

एका सकाळी फेरीबोटीच्या कप्तानाची बायको विर्वे दुकानात आली, ती चिडलेलीच. तालिनचा कुणी मेला चांगले चांगले तुकडे आधीच पळवतो, असं काहीसं पुटपुटली. हेल्यूने हातातलं वजन खाली ठेवलं आणि विचारलं, कसले तुकडे? विर्वेचा चेहरा लालबुंद झाला.

मग सगळंच बाहेर पडलं. शाळेच्या बाई घेत होत्या. चर्चचे फादर घेत होते. सगळं बेट एकमेकांच्या नकळत एकमेकांवर भाव चढवत बसलं होतं. दोघी काउंटरला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पैसे परत यायचे नाहीत हे दोघींना कळत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात एल्मार उभा होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला स्वेटर. तो सरळ विर्वेसमोर गेला आणि तुझ्या नवऱ्याची जुनी बोट भाड्याने हवी आहे, भाडं पुरेपूर देईन, म्हणाला. मग हेल्यूकडे वळला.

"माझं कर्ज बाजारात विकतायत. मी रोज बघत होतो. आठ सेंटांवर आलो तेव्हा वाटलं, संपलं आपलं." त्याची मान ताठ झाली. "काल नव्वदावर गेलो. मला कधी पाहिलंसुद्धा नाही त्या लोकांनी, हेल्यू, आणि माझ्यावर पैसे लावतायत. त्यांना तोंडघशी कसं पाडू?"

विर्वेने पटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. हेल्यूने जाळ्याच्या दोऱ्याचं रीळ त्याच्यासमोर ठेवलं.

"पाहिलं नसेल," ती म्हणाली, "पण माणूस नीट पारखलाय त्यांनी."